पृथ्वीजवळच्या प्लाझ्मा लहरी: माझ्या सिम्युलेशनमधले इलेक्ट्रॉन नक्की कशाने तापले?

अवकाशवेडा | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस वाचनमात्र होतो, पण आता अडलोय म्हणून धागा काढतोय. एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टसाठी मी स्वतः हट्टाने हा विषय घेतला, पृथ्वीच्या आसपासच्या प्लाझ्मामध्ये (सुट्या इलेक्ट्रॉन आणि आयनांचा विरळ वायू) उठणाऱ्या लहरी आणि त्या लहरी तिथल्या इलेक्ट्रॉनचं काय करतात ते कॉम्प्युटरवर घडवून बघायचं.

विषय नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५८ मध्ये एक्सप्लोरर-१ वर व्हॅन अ‍ॅलन यांनी गायगर काउंटर बसवला होता आणि ठरावीक उंचीच्या वर तो चक्क शून्य दाखवायला लागला. तिथे काही नव्हतं म्हणून शून्य नाही, तर कण इतके होते की काउंटरच गुदमरला. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात अडकलेल्या कणांचे हे पट्टे. बाहेरच्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन काही तासांत हजारपट वाढतात आणि तसेच अचानक गायबही होतात. हे का होतं त्याचं मोठं उत्तर म्हणजे कोरस नावाच्या लहरी. स्पीकरवर ऐकल्या तर पहाटे झाडावर पाखरं जागी होतात तसा आवाज येतो, खालून वर चढत जाणारी शीळ, एकीवर एक.

आता माझं काम. पार्टिकल-इन-सेल कोड (जागेचे छोटे सेल पाडून त्यांत कण पळवणारा) लिहिलाय, एकाच मितीत, आधी पायथनमध्ये, मग फारच रखडायला लागला म्हणून सी प्लस प्लसमध्ये. जागा घेतली पृथ्वीच्या केंद्रापासून पाच पृथ्वीत्रिज्यांवर, विषुववृत्ताच्या प्रतलात. तिथे क्षेत्र सुमारे २४८ नॅनोटेस्ला, म्हणजे इलेक्ट्रॉन सेकंदाला जवळपास ६९०० फेऱ्या मारतो. घनता दर घन सेंटिमीटरला १० इलेक्ट्रॉन, त्यातले ९.९ थंड, १ इव्हीचे (इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांच्या ऊर्जेचं माप; केव्ही म्हणजे हजार इव्ही), आणि उरलेले ०.१ गरम, समांतर दिशेत ५ केव्ही आणि लंब दिशेत २० केव्ही. ४०९६ सेल, प्रत्येक सेल २०० मीटरचा, सेलमागे १०० थंड आणि १०० गरम पार्टिकल, टाइमस्टेप अर्धा मायक्रोसेकंद. एकूण अर्धा सेकंद चालवायचं म्हणजे दहा लाख स्टेप, लॅपटॉप रात्रभर.

लहर आली! २.८ किलोहर्ट्झच्या आसपास, सायक्लोट्रॉन वारंवारतेच्या (इलेक्ट्रॉनच्या त्या सेकंदाला ६९०० फेऱ्या) ०.४ पट, अगदी पुस्तकात हवी तिथे. मी रात्री अडीचला घरच्यांना उठवायच्या बेतात होतो. पण त्यासोबत आणखी एक झालं. थंड इलेक्ट्रॉन १ इव्हीवरून तापत तापत ६४० इव्हीपर्यंत गेले आणि तिथे जवळपास थांबले. तापले ते फक्त चुंबकरेषेच्या दिशेत, लंब दिशेत जवळपास काहीच नाही.

मला वाटतंय हा लँडाउ रेझोनन्स आहे, म्हणजे लहर थंड इलेक्ट्रॉनना रेषेच्या दिशेने ढकलतेय. तसं असेल तर प्रोजेक्टमध्ये हाच मुख्य निष्कर्ष म्हणून लिहावा का? जाणकारांनी सांगा.

---

मनीषा_नाशिक | सोमवार, रात्री ११:५८

विषय वाचून थांबले, बरंचसं डोक्यावरून गेलं पण सोडवत नाहीये. एकच शंका, अंतराळ तर पोकळी ना? एका घन सेंटिमीटरमध्ये दहा इलेक्ट्रॉन म्हणजे काहीच नाही की, मग लाट कशात उठते? पाण्याची लाट पाण्यात, आवाजाची हवेत. आणि लहर कणाला ढकलते म्हणजे काय करते?

---

जुना_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:२०

मनीषाताई, तुमचा प्रश्न अगदी मुळावर आहे. तीस वर्षं फिजिक्स शिकवलं, वर्गात दरवर्षी हाच प्रश्न यायचा.

हवेत रेणू एकमेकांवर आपटतात म्हणून आवाज पुढे जातो. वर इतकी विरळ जागा आहे की कण कणावर आपटतच नाही म्हटलं तरी चालेल. तिथे दुवा सांधतात ते वीज आणि चुंबक. एक इलेक्ट्रॉन हलला की त्याचं विद्युतक्षेत्र हलतं आणि ते हजारो शेजाऱ्यांना एकदम कळतं. शिवाय पृथ्वीच्या चुंबकरेषा ताणलेल्या तारांसारख्या आहेत, कण त्यांच्याभोवती गिरक्या घेत बांधलेले. तार छेडली की थरथर पुढे जाते. हे पहिल्यांदा सांगितलं हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये, सुरुवातीला फार कुणी मानलं नाही, १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता ढकलणं. झोपाळ्यावर पोर बसलंय, तुम्ही मागून झोका देताय. वेळ साधून हलकासा हात लावला तरी झोका चढत जातो, अवेळी कितीही जोर लावा, एकदा चढेल एकदा उतरेल, हाती काही लागत नाही. इलेक्ट्रॉन रेषेभोवती गोल फिरतोय आणि या व्हिसलर जातीच्या लहरीचं क्षेत्रही त्याच दिशेने गोल फिरतं. लहर फिरते सेकंदाला २८०० वेळा, इलेक्ट्रॉन ६९००, मग जुळणार कसं? तर इलेक्ट्रॉन लहरीच्या समोरून येत असला पाहिजे. समोरून येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी ऐकू येते तसं त्याला लहरीचं फिरणं जलद भासतं, आणि एका ठरावीक वेगाला ते बरोबर ६९०० होतं. त्या वेगाच्या इलेक्ट्रॉनला लहर स्थिर दिसते, सतत एकाच बाजूने हात लागल्यासारखी. बाकीच्यांना नुसती झुळूक.

आणि हा हात लागला की इलेक्ट्रॉनच्या चालीचा कोन बदलतो. अडकलेला इलेक्ट्रॉन उत्तर-दक्षिण असा येरझाऱ्या घालत असतो, ध्रुवाकडे क्षेत्र दाट होतं तिथून परत फिरतो. पण त्याची चाल रेषेच्या अगदी जवळ झुकली तर तो परत न फिरता सरळ वातावरणात घुसतो. या भावाने सांगितलेल्या जागी ही पळवाट चार अंशांहूनही अरुंद आहे. लहरीने इतकं जरी वाकवलं तरी कण गेला.

बाळा, तुझ्या लँडाउच्या शंकेबद्दल मला काहीतरी खटकतंय, पण नक्की बोट ठेवता येत नाही. जाणकार येतील.

---

रेघोट्या | मंगळवार, सकाळी ९:०५

मास्तर, झोपाळ्याबद्दल दंडवत. वाचनखूण साठवली.

अवकाशवेडा, मी फिजिक्सवाला नाही, पुण्यात आयटीत आहे, पण कामच सिम्युलेशन सॉफ्टवेअरचं आहे (गाड्यांच्या पार्टचं, प्लाझ्मा नाही). तुझ्या पोस्टमध्ये मला एक गोष्ट दिसली नाही, एकूण ऊर्जेचा प्लॉट कुठाय? सगळे पार्टिकल अधिक लहर, मिळून. डबा बंद आहे, बाहेरून काही आत येत नाही, मग ती बेरीज सरळ रेघ हवी. आमच्याकडे नवीन पोरगं कुठलाही सुंदर निकाल घेऊन आलं की पहिला प्रश्न हाच असतो.

---

अवकाशवेडा | मंगळवार, दुपारी १:३०

@रेघोट्या, तो प्लॉट काढलाच नव्हता. लहरीची ऊर्जा वेगळी काढली होती, गरम इलेक्ट्रॉनची वेगळी, बेरीज नाही केली. आत्ता लॅबमध्ये बसून काढली.

सुरुवातीच्या दुपटीच्या वर गेलीये. रेघ सरळ नाही, पहिल्या चाळीस-पन्नास मिलिसेकंदात सपकन वर आणि मग हळूहळू.

म्हणजे कोडमध्ये बग आहे का? बोरिसची पार्टिकल ढकलायची पद्धत तीनदा तपासली, एकटा पार्टिकल नुसत्या चुंबकक्षेत्रात सोडला तर तासन् तास त्याच वर्तुळात फिरतो, ऊर्जा जरासुद्धा हलत नाही.

---

चुंबकसुई | मंगळवार, रात्री १०:१५

मी याच क्षेत्रात काम करते, सध्या भारताबाहेर. दिवसभर धागा उघडा ठेवला होता, आता निवांत लिहिते कारण इथे शिकण्यासारखं खूप आहे आणि अवकाशवेडाने आकडे इतके नीट दिलेत की दुरूनही निदान करता येतंय.

बोरिसमध्ये बग नाही. बग म्हणता येईल असं कोडमध्ये कदाचित कुठेच नाहीये.

आधी लँडाउ. मास्तरांना जे खटकलं ते हेच असणार. तुझा कोड एकमितीय आहे आणि लहर बरोबर चुंबकरेषेच्या दिशेत जातेय. अशा व्हिसलर लहरीचं विद्युतक्षेत्र पूर्णपणे लंब असतं, रेषेच्या दिशेत त्याचा घटकच नाही. लँडाउ रेझोनन्सला समांतर विद्युतक्षेत्र लागतं. ते लहरीकडे नाहीच, तर ती थंड इलेक्ट्रॉनना समांतर दिशेत ढकलणार कशाने? लहर तिरकी असती तर गोष्ट वेगळी, पण तुझ्या डब्यात तिरकं जायला जागाच नाही. म्हणजे तापवणारा दुसराच कुणीतरी आहे.

आता तो कोण ते तुझ्याच आकड्यांवरून. प्लाझ्मामध्ये एक डिबाय लांबी असते, एखाद्या भाराचा प्रभाव शेजारच्या कणांनी झाकून टाकायला जितकं अंतर लागतं ते. मीटरमध्ये हवी असेल तर तापमान इव्हीमध्ये घे, घनतेने भाग, वर्गमूळ काढ आणि ७.४३ ने गुण. तुझे थंड इलेक्ट्रॉन १ इव्ही, घनता १०, उत्तर येतं २.३ मीटर. तुझा सेल २०० मीटर! म्हणजे जी गोष्ट दोन मीटरवर घडते ती तू दोनशे मीटरच्या चाळणीतून बघतोयस. चाळणीला ती दिसत नाही, पण नाहीशीही होत नाही, खोट्या लांब लहरी बनून परत येते, आणि या खोट्या लहरींना समांतर विद्युतक्षेत्र असतं. त्या पार्टिकलना तापवतात. याला ग्रिड हीटिंग म्हणतात आणि पार्टिकल-इन-सेलच्या सुरुवातीच्या दशकांपासून हा आजार माहीत आहे.

खरी गंमत पुढे आहे. हे तापणं केव्हा थांबतं? डिबाय लांबी वाढत वाढत सेलच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आली की चाळणीला ती दिसायला लागते आणि आजार ओसरतो. तुझे इलेक्ट्रॉन थांबले ६४० इव्हीवर. ६४० भागिले १०, ६४. वर्गमूळ ८. आठ गुणिले ७.४३ म्हणजे ५९ मीटर. २०० मीटरच्या सेलचा तीन-दशांश. ६४० हा आकडा अवकाशाचा नाही रे, तुझ्या सेलचा आहे. उद्या सेल ४०० मीटरचा कर, इलेक्ट्रॉन चौपट तापतील.

एक काम आज रात्रीच कर. गरम इलेक्ट्रॉन दोन्ही दिशांना सारखे ठेव, ५ केव्ही आणि ५ केव्ही, बाकी सगळं जसंच्या तसं. लंब आणि समांतर तापमानातला फरक हाच या लहरीचा दाणापाणी, तो काढला की लहर उठणार नाही. तरीही थंड इलेक्ट्रॉन तापले तर उत्तर तुझ्या हातात.

आणि हो, वाईट वाटून घेऊ नकोस. लहर बरोबर आली आहे. हा फरक चारपट असताना लहर सायक्लोट्रॉन वारंवारतेच्या पाऊण पटीच्या खाली वाढू शकते, ही अट केनेल आणि पेचेक यांनी १९६६ मध्ये दिली, आणि तुझ्या घनतेला जास्तीत जास्त वाढ ०.४ ते ०.४५ च्या मध्ये यायला हवी. तिथेच आलीये.

---

मनीषा_नाशिक | मंगळवार, रात्री १०:४०

बाप रे. ६४ चं वर्गमूळ ८ वाचताना अंगावर काटा आला. रहस्यकथेत शेवटी खुनी घरातलाच निघतो तसं झालं.

---

अलिबागकर | बुधवार, सकाळी ७:५०

धागा उत्तम चाललाय. थोडं अवांतर आहे पण या विषयाचं एक मूळ आपल्या दारात आहे म्हणून लिहितो.

कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकक्षेत्राची मोजणी १८४० च्या दशकात सुरू झाली. २ सप्टेंबर १८५९ ला, ज्याला कॅरिंग्टनचं वादळ म्हणतात, कुलाब्याच्या नोंदीत क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आलं. सूर्यावरचा तो उद्रेक कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये आदल्या दिवशी पाहिला आणि त्याचा पृथ्वीवरचा घाव आपल्या मुंबईत आकड्यांत लिहिला गेला. त्या वादळाचा आज जगात कुठेही अभ्यास झाला तरी कुलाब्याची ती नोंद काढावीच लागते. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर यंत्रांना त्रास होणार हे कळलं आणि १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला नेली. इमारत बांधताना लोखंड टाळलं. दोन वर्षं दोन्हीकडे एकत्र मोजणी केली, का, तर जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा चुकू नये.

लहानपणी त्या आवाराच्या कुंपणावरून जाताना आजोबा खिशातली किल्ली दाखवून म्हणायचे, ही सुद्धा आत चालत नाही. तेव्हा कळत नव्हतं. आता हा धागा वाचताना वाटतं की आपलं यंत्रच आकड्यात काय मिसळतंय याची ती माणसं किती काळजी घेत होती. अवकाशवेडाची २०० मीटरची चाळणी आणि मुंबईची ट्राम, जात एकच.

आणि अवकाशवेडा, पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत अवकाशातल्या प्लाझ्माच्या सिम्युलेशनवर खास काम चालतं. अलिबागची वेधशाळाही त्यांचीच. उन्हाळ्यात जाऊन ये, विचारून बघ.

---

रानातला_रेडिओ | बुधवार, दुपारी १२:१०

@अलिबागकर, +१, फार छान प्रतिसाद.

मी हौशी रेडिओवाला. या लहरी कानाने ऐकता येतात हे कुणी अजून लिहिलं नाही म्हणून. वारंवारता काही किलोहर्ट्झ, म्हणजे आपल्या कानाच्या टप्प्यातलीच, फक्त ती हवेची नाही तर वीज-चुंबकाची लहर आहे, त्यामुळे अँटेना आणि अँप्लिफायर लावला की थेट हेडफोनमध्ये. पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकणाऱ्या जर्मन सैनिकांना तारांमध्ये शिट्ट्या ऐकू आल्या होत्या. १९५३ मध्ये स्टोरी यांनी उलगडा केला की पृथ्वीवर वीज कडाडली की तिच्यातून निघालेली लहर चुंबकरेषेवरून हजारो किलोमीटर वर जाऊन दुसऱ्या गोलार्धात उतरते, वाटेत चढे सूर पुढे निघतात आणि खालचे मागे राहतात, म्हणून उतरती शीळ. त्यावरूनच पहिल्यांदा कळलं की इतक्या वरसुद्धा बऱ्यापैकी इलेक्ट्रॉन आहेत.

आपल्याकडून काय ऐकू येतं तेही सांगतो नाहीतर कुणी उत्साहाने अँटेना लावेल आणि हिरमुसेल. कोरस महाराष्ट्रातून ऐकू येत नाही, आपण विषुववृत्ताच्या फार जवळ, आपल्या चुंबकरेषा त्या पट्ट्यांपर्यंत वर जातच नाहीत. शीळही क्वचित. पण रात्री विजांचे ट्वीक मस्त ऐकू येतात, टणत्कारासारखा टिव् असा आवाज, जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा वीजवाहक थर) यांच्यामध्ये लहर आपटत येते त्याचा, शेपूट १.७ किलोहर्ट्झच्या आसपास लोंबकळते. फक्त विजेच्या तारांपासून लांब जायचं, नाहीतर महावितरणच्या पन्नास हर्ट्झच्या गुरगुरीशिवाय काही नाही. मी वेल्ह्याकडे एका मित्राच्या शेतात मे महिन्याच्या शेवटी बसलो होतो, वळीव लांब कोकणात कडकडत होता, आभाळात आमच्या डोक्यावर चांदणं, आणि कानात नुसती टिव् टिव् टिव्. तीन तास जागचा हललो नाही.

---

अवकाशवेडा | बुधवार, रात्री ११:२०

चुंबकसुई ताई, रन झाला.

गरम इलेक्ट्रॉन ५ आणि ५. लहर उठली नाही, स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार वारंवारतांचं चित्र) नुसता करडा, २.८ किलोहर्ट्झला काहीही नाही. आणि थंड इलेक्ट्रॉन? ६३० इव्ही. समांतर दिशेतच. तापण्याचा आलेख कालच्या आलेखावर ठेवला तर एकावर एक बसतो, दोन रेघा आहेत हे सुद्धा कळत नाही.

म्हणजे मी जो निष्कर्ष लिहायला निघालो होतो त्यात लहरीचा काडीचाही संबंध नव्हता. आज दिवसभर तोच आलेख बघतोय. धागा काढला नसता तर पुढच्या आठवड्यात हे छापून बाइंडिंगला गेलं असतं.

आता उपाय काय? सेल १ मीटरचा केला तर टाइमस्टेपही दोनशेपट लहान करावा लागेल, नाहीतर प्रकाश एका स्टेपमध्ये सेल ओलांडून जाईल. दोनशे गुणिले दोनशे, चाळीस हजार रात्री.

---

चुंबकसुई | गुरुवार, पहाटे १:०५

शाब्बास. दोन रेघा एकमेकीवर बसल्या हा निकालच आहे, तो प्रोजेक्टमध्ये घाल, लपवू नकोस.

सेल लहान करायचा नाही. थंड इलेक्ट्रॉन पार्टिकल म्हणून ठेवायचेच कशाला याचा विचार कर. त्यांचं काम काय आहे इथे? लहरीला माध्यम पुरवणं, तिचा वेग आणि तरंगलांबी ठरवणं, जी तुझ्याकडे १३ किलोमीटरच्या आसपास आहे. लहरीशी रेझोनन्समध्ये येतात ते गरम इलेक्ट्रॉन, सायक्लोट्रॉन वारंवारतेच्या ०.४ पटीला आठेक केव्हीचे. मग थंडांना फ्लुइड कर, सलग द्रव्यासारखं, त्यांची सरासरी गती फक्त सोडव, आणि पार्टिकल फक्त गरम ठेव. ज्याला डिबाय लांबी लागते तो समांतर विद्युतक्षेत्राचा भाग या पद्धतीत सोडवायचाच नसतो, त्यामुळे आजाराला जागाच उरत नाही. कातो आणि ओमुरा यांनी २००७ मध्ये असाच कोड वापरून चढत्या सुराचा कोरस कॉम्प्युटरवर पहिल्यांदा आपोआप उमटवून दाखवला. वरून लहर सोडली नव्हती, नुसते गरम इलेक्ट्रॉन आणि पृथ्वीसारखं वाकलेलं क्षेत्र, आणि नॉइजमधून पाखरं बोलायला लागली. मी विद्यार्थी असताना ते चित्र पाहिलं आणि याच विषयात राहिले.

दुसरा फायदा नॉइजचा. सेलमागे १०० पार्टिकल म्हणजे दहा टक्के खडखडाट. खरा कोरस बहुतेक वेळा पार्श्वक्षेत्राच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून लहान असतो, मोठे झटके सोडले तर. खडखडाटात तो बुडतो. थंडांची गर्दी गेली की सगळे पार्टिकल गरमांना देता येतात.

---

मनीषा_नाशिक | गुरुवार, सकाळी ८:३०

आणखी एक विचारू का? तुम्ही अर्धा सेकंद सिम्युलेट करायला रात्र घालवता. वादळ तर दोन-तीन दिवस चालतं. मग उपग्रहाला धोका आहे की नाही हे असं कधी कळणार?

---

चुंबकसुई | गुरुवार, दुपारी ३:४५

मनीषाताई, विचारा की, याच प्रश्नावर आमची अर्धी कारकीर्द जाते.

त्या जागी एक एमईव्हीचा (दहा लाख इव्ही) इलेक्ट्रॉन तीन घड्याळांवर चालतो. रेषेभोवतीची गिरकी सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात. उत्तर-दक्षिण येरझार अर्ध्या सेकंदाच्या आत. आणि हळूहळू सरकत पृथ्वीला पूर्ण फेरी, पाव तास. त्यावर वादळाचं चौथं घड्याळ, दिवसांचं. चुंबकरेषेची लांबी साधारण ७५ हजार किलोमीटर. हे सगळं एकाच कोडमध्ये कणाकणाने कुणालाच जमत नाही, कितीही मोठा सुपरकॉम्प्युटर द्या.

म्हणून काम वाटून घेतात. अवकाशवेडा करतोय ते सगळ्यात तळाचं, लहर जन्मते कशी. त्याच्या वर दुसरा प्रकार, लहर ठरवून द्यायची आणि लाखो इलेक्ट्रॉन तिच्यात सोडून कोण कुठे जातो ते बघायचं. त्यातून एक सरासरी काढतात, इतक्या ताकदीची लहर असेल तर अमुक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन किती पसरतात, कोनात किती, ऊर्जेत किती. आणि सगळ्यात वर ती सरासरी घेऊन पसरण्याचं समीकरण सोडवायचं, त्यात कण नसतातच, पाण्यात शाई पसरावी तसे पट्टे बदलताना दिसतात, आणि दोन-तीन दिवसांचं वादळ लॅपटॉपवरही निघतं. ३० ऑगस्ट २०१२ ला नासाने व्हॅन अ‍ॅलन प्रोब्स नावाचे दोन उपग्रह थेट त्या पट्ट्यांत सोडले. दोन वर्षांसाठी होते, २०१९ पर्यंत चालले. ऑक्टोबर २०१२ च्या वादळात त्यांनी एमईव्ही इलेक्ट्रॉन काही तासांत उसळताना टिपले, आणि पुढच्या वर्षी थॉर्न आणि सहकाऱ्यांनी मोजलेल्या कोरसची ताकद घालून असंच समीकरण सोडवलं, ती उसळी बऱ्यापैकी तशीच आली.

मला यातली जी गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते ती ही, कोरस स्वतः काही निर्माण करत नाही. काही दहा केव्हीच्या गरम इलेक्ट्रॉनकडून तो ऊर्जा घेतो आणि शंभरपट ताकदीच्या थोड्याशा इलेक्ट्रॉनना देतो. असंख्य लहानांकडून थोडंथोडं, मोजक्या मोठ्यांना भरपूर. ते मोठे मग उपग्रहाच्या पत्र्यातून आत घुसतात, आतल्या वायरच्या प्लॅस्टिकमध्ये साचतात आणि एक दिवस आतल्या आत ठिणगी पडते.

---

घारगडी | गुरुवार, रात्री ९:००

शेवटच्या ओळीवर सांगतो, कारण माझं पोट त्यावर आहे. उपग्रहांच्या कंट्रोल रूममध्ये पाळीत काम करतो, कुठे ते लिहीत नाही.

मे २०२४ च्या वादळात, लडाखला हानलेहून लाल ध्रुवीय प्रकाश दिसला तेव्हा, लोक फोटो टाकत होते आणि आम्ही जागे होतो. लोकांना वाटतं वादळाची रात्र वाईट. आम्हाला भीती त्यानंतरच्या दिवसांची असते. आभाळ शांत, बातम्या संपलेल्या, आणि एमईव्हीवाले तेव्हा कुठे वाढायला लागतात. मग एखाद्या शांत दुपारी एक रीडिंग उडी मारतं आणि परत जागेवर येतं. एकदा. तेवढंच. सेन्सर होता, ठिणगी होती की खालच्या स्टेशनचा घोळ, यावर चार दिवस बैठका. १९६२ मध्ये अमेरिकेने अंतराळात अणुस्फोट केला, दुसऱ्याच दिवशी टेलस्टार उपग्रह वर गेला आणि त्या स्फोटाने भरलेल्या इलेक्ट्रॉनमुळे काही महिन्यांत निकामी झाला. तेव्हापासून सगळे जाडजूड कवच लावतात, पण कवचाला वजन असतं आणि वजनाला पैसे.

उद्याचा अंदाज 'वाढेल' की 'ओसरेल' इतकं जरी खात्रीने कळलं तरी मला पुरतं, नाजूक कामं पुढे ढकलता येतात. आणि तो अंदाज ज्या सरासरीवर चालतो ती तळाच्या या असल्या कोडमधून येते. तिथे ६४० इव्ही चुकीचे घुसले असते तर वर माझ्यापर्यंत काय पोचलं असतं कुणास ठाऊक. पोरा, नीट कर.

---

अवकाशवेडा | रविवार, रात्री १०:३०

उशीर झाला, तीन दिवस कोड पुन्हा लिहीत होतो. थंड इलेक्ट्रॉन आता फ्लुइड, पार्टिकल फक्त गरम, सेलमागे ४००.

एकूण ऊर्जेची रेघ आधी टाकतो, रेघोट्या दादा: अर्ध्या सेकंदात अर्ध्या टक्क्याच्या आत. पट्टी लावून बघितली.

लहर तिथेच, २.८ ते ३ किलोहर्ट्झमध्ये. गरम इलेक्ट्रॉनचं लंब तापमान २० वरून १९ केव्हीवर आलं, समांतर ५ वरून ६ च्या थोडं वर गेलं. म्हणजे चारपटीचा फरक तीनपटीवर, लहरीने त्यांना रेषेकडे वाकवलं आणि वाकवताना थोडी ऊर्जा स्वतःकडे ठेवली. गेलेली ऊर्जा आणि लहरीत आलेली ऊर्जा, दोन्हींचा हिशोब जुळतो. मास्तर, तुमचा झोपाळा सुद्धा दिसला. समांतर वेगाच्या आलेखात ज्या वेगाला सूर जुळतो बरोबर तिथे, दोन्ही बाजूंना, वितरण चपटं झालंय, बाकी ठिकाणी हात लागलेला नाही. ते चपटेपण मी झूम करून किती वेळ बघत बसलो सांगता येणार नाही.

एक खटकतंय. लहर ३ नॅनोटेस्लापर्यंत गेली. खऱ्या कोरससाठी हे फार होतंय ना? आणि शीळ चढत नाहीये, नुसता एक जाड पट्टा आहे.

---

चुंबकसुई | रविवार, रात्री ११:५०

दोन्हीचं कारण एकच. तुझ्या डब्याची टोकं एकमेकांना जोडलेली आहेत, एकीकडून गेलेली लहर दुसरीकडून परत आत येते, तिला बाहेर जायला वाट नाही म्हणून साचत जाते. खऱ्या जागी ती विषुववृत्ताजवळ जन्मते आणि रेषेवरून निघून जाते. आणि चढती शीळ सरळ एकसारख्या क्षेत्रात उमटत नाही, क्षेत्र दोन्ही बाजूंना हळूहळू वाढत गेलं पाहिजे, त्या चढावर इलेक्ट्रॉन लहरीत अडकतात, त्यांच्यामुळे वेगांच्या वितरणात एक खळगा पडतो आणि तो खळगाच सूर वर ओढत नेतो. मध्यभागी २४८ ठेव, बाजूला पॅराबोलासारखं वाढव, दोन्ही टोकांना लहर शोषून घेणारे सेल लाव. डबा बराच लांब लागेल.

---

अवकाशवेडा | सोमवार, रात्री १२:४०

पॅराबोला घातला. टोकांना दोनशे-दोनशे सेल शोषणारे. एकूण ६५,५३६ सेल, लॅपटॉपवर आठवडा जाईल म्हणून डिपार्टमेंटचा एक जुना सर्व्हर मागून घेतलाय, शनिवारपर्यंत आपलाच आहे.

यावेळी सोबत दुसरा रन पण लावलाय, ५ आणि ५ वाला, लहरीशिवायचा. आत्ता दोन्ही चालू आहेत, पहिल्याचा पाच मिलिसेकंद झालाय. स्पेक्ट्रोग्राम आला की इथेच टाकतो.